अंडरग्रॅव्हल फिल्टरवर पाणवनस्पती वाढवताना

पाणवनस्पतींच्या टाकीत अंडरग्रॅव्हल फिल्टर चालत नाही, हे मत मासे पाळणाऱ्यांमध्ये इतके पक्के रुजले आहे की त्यामागची कारणे विचारण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. मला ती समजून घ्यावी लागली, कारण मामांनी त्यांची टाकी मोडीत काढली तेव्हा दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी ती टाकी आमच्या मुलुंडच्या घरी आली आणि तिच्यासोबत तळाला बसणाऱ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन प्लेटा, दोन उभ्या नळ्या आणि हवेचा एक जुना पण धडधाकट पंपही आला. मला मासे थोडे आणि झाडोरा भरपूर हवा होता, आणि हाती असलेल्या सामानावर तो वाढतो का हे पाहायचे होते.

या फिल्टरची रचना अगदी साधी असते. प्लेटला बारीक खाचा असतात आणि ती तळापासून थोडी उचललेली राहते. तिच्यावर खडीचा थर पसरतात. उभ्या नळीत हवा सोडली की बुडबुड्यांबरोबर पाणी वर चढते, त्याची जागा प्लेटखालचे पाणी घेते आणि टाकीतले पाणी खडीतून सावकाश खाली झिरपत राहते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून सुटणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडीच्या दाण्यादाण्यावर वस्ती करतात, म्हणजे टाकीचा सगळा तळच गाळणीचे काम करतो. अडचण इथूनच सुरू होते, कारण ज्या थरात मुळे रोवायची तोच थर गाळणीही असतो.

या फिल्टरवरचे आक्षेप सगळेच पोकळ नाहीत. खडीतून ऑक्सिजनयुक्त पाणी सतत वाहिले की लोहासारखी द्रव्ये ऑक्सिडीकृत होऊन अविद्राव्य बनतात आणि मुळांना ती सहजासहजी मिळत नाहीत. खडीखाली पोषक माती घातली तर ती प्लेटखाली उतरून नळीवाटे थेट पाण्यात येते. शिवाय लांब मुळे खाचांतून खाली जाऊन प्लेट तुंबवतात. चौथा आक्षेप, म्हणजे वाहत्या पाण्यात मुळे धरत नाहीत, हा मात्र मला कधीच पटला नाही. कोकणातल्या ओढ्यांमध्ये क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पतीच्या जाती खडकांच्या फटींत वर्षानुवर्षे तग धरून असतात आणि पावसाळ्यात त्यांच्यावरून जाणारे पाणी कुठल्याही पंपापेक्षा जोरकस असते. त्यामुळे प्रवाह आहे की नाही यापेक्षा तो किती आहे हे मोजणे मला गरजेचे वाटले.

हे मोजमाप घरच्या घरी होते. नळीच्या वरच्या टोकाचे वळण पाण्याबाहेर जेमतेम येईल एवढी पातळी उतरवली, त्याखाली मापाचा पेला धरला आणि घड्याळ लावले. पंप पूर्ण चालू असताना दोन्ही नळ्या मिळून मिनिटाला साधारण दोन लीटर पाणी टाकत होत्या. माझ्या टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे १८०० चौरस सेंटिमीटर आहे आणि खडीच्या थरात ढोबळमानाने ४० टक्के पोकळी धरली, तर पाणी खडीतून मिनिटाला पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास खाली सरकते, म्हणजे सहा सेंटिमीटरचा थर ओलांडायला त्याला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. हवेच्या पंपाऐवजी नळीवर ताशी ४०० लीटरचे पॉवरहेड, म्हणजे पाणी खेचणारा विजेचा छोटा पंप, बसवले असते तर तोच प्रवास ४० सेकंदांत संपला असता. उलट हवेची कळ आवळून प्रवाह मिनिटाला अर्धा लीटर केला, तर पाणी खडीत नऊ मिनिटे रेंगाळते. मला वाटते, सगळा वाद या आकड्यांमध्ये आहे. अंडरग्रॅव्हल फिल्टरवर झाडे मरतात असे सांगणाऱ्यांच्या टाक्यांत बहुधा पॉवरहेड असते आणि जगतात असे सांगणाऱ्यांच्या टाक्यांत सावकाश बुडबुडणारा हवेचा पंप असतो. दोघेही आपापल्या टाकीपुरते खरे बोलत असतात.

खडी आणि झाडांसाठी मी कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात गेले. सकाळी लवकर गेले तर तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांतले मासे आणि रबराने बांधलेल्या झाडांच्या जुड्या नीट पाहून घेता येतात. उन्हे चढली की त्याच जुड्या मलूल होतात. मी प्लेटवर झाडे लावणार आहे हे ऐकून दुकानदार म्हणाले, “ताई, झाडंच लावायची तर ती प्लेट काढून टाका, माती टाका खाली.” त्यांचा सल्ला व्यवहाराला धरून होता, पण मी तीन ते पाच मिलिमीटरची नदीची गोलसर खडीच मागितली. यापेक्षा बारीक वाळू खाचांत उतरते आणि थर घट्ट बसवते. यापेक्षा मोठ्या खड्यांच्या मधल्या पोकळीत अन्नाचे कण अडकून कुजतात आणि कोवळ्या मुळांना आधारही मिळत नाही. अठराएक किलो खडी घेतली आणि पाणी नितळ येईपर्यंत घमेल्यात धुतली. हा सगळा पसारा भरल्यावर टाकीचे वजन ऐंशी-नव्वद किलोंपर्यंत जाते, म्हणून ती तुळईला लागून, भिंतीकडेला ठेवली; तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने एवढा विचार करावाच.

मुंबईचे नळाचे पाणी या कामाला एका अर्थी उत्तम आणि एका अर्थी अडचणीचे आहे. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांत साठलेले हे पावसाचे पाणी मृदू असते आणि क्रिप्टोकोरिन, ॲनुबियस, जावा फर्न या झाडांना ते मानवते. त्यातल्या क्लोरीनसाठी बादलीत हायपोचे दोन-तीन खडे टाकले की काम भागते. पण मृदू पाण्यात आम्लता पेलण्याची ताकद कमी असते आणि अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होतेच, त्यामुळे सगळा तळ या कामाला जुंपलेल्या टाकीत सामू (पीएच) हळूहळू घसरत जातो आणि तो सहाच्या खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावते. अशा टाकीत अमोनिया मुख्यतः कमी विषारी अमोनियमच्या रूपात साचत राहतो. पण कोणी एके दिवशी अर्धीअधिक टाकी ताज्या पाण्याने भरली की सामू एकदम चढतो, अमोनियमचे पुन्हा अमोनियात रूपांतर होते आणि संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागावर येतात. लोक मग नळाच्या पाण्याला दोष देतात. सामू घसरू नये म्हणून मी खडीत मूठभर शिंपल्यांचा चुरा मिसळला आणि आठवड्याला पंचमांश पाणी बदलण्याचा नेम ठेवला. सामू सातच्या थोडा खाली स्थिरावला.

झाडे मी पहिल्या दिवसापासून लावली, मासे मात्र उशिरा सोडले. जिवाणू बसायला कित्येक आठवडे लागतात, आणि या काळात झाडे अमोनियम स्वतःच शोषून घेत असल्यामुळे टाकी सुरू करताना त्यांचा मोठा आधार होतो. सुरुवातीला रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकत राहिले आणि अमोनिया व नायट्राइटची चाचणी करत गेले. आधी अमोनिया दिसला, मग तो उतरून नायट्राइट चढला आणि शेवटी दोन्ही शून्यावर येऊन फक्त नायट्रेट उरले. मग चार झेब्रा डॅनियो आले, त्यांच्या मागून कुहली लोच. मुंबईत हीटर लागत नाही आणि उबदार पाण्यात हे जिवाणू लवकर वाढतात, ही आपल्याकडची सोय आहे.

जावा फर्न आणि ॲनुबियस यांचा तळाशी संबंधच येत नाही. ती लाकडाला दोऱ्याने बांधली की पुरते, उलट त्यांचा कंद खडीत पुरला तर कुजतो. त्यामुळे या फिल्टरवर ज्याला निर्धास्तपणे झाडे हवीत त्याने याच दोघांवर थांबायला हरकत नाही. माझी उत्सुकता मुळांवर जगणाऱ्या झाडांबद्दल होती. क्रिप्टोकोरिन वेंडटाय लावल्यावर आठवड्याभरात तिची पाने पारदर्शक होऊन विरघळली, पण जागा बदलली की ही झाडे असेच करतात आणि याचा फिल्टरशी संबंध नसतो, हे ठाऊक असल्यामुळे मुळे हलवली नाहीत. काही काळाने मधोमध तपकिरी रंगाचे नवे कोंब आले आणि ती पाने टिकली. व्हॅलिस्नेरियाने तर कसलीच कुरकुर केली नाही. मागच्या काचेलगत तिने खडीखालून धावते कोंब सोडले आणि पावसाळा संपेपर्यंत तिथे हिरवी भिंत उभी राहिली.

ॲमेझॉन स्वोर्डची गोष्ट निराळी होती. त्याची जुनी पाने गडद हिरवी राहिली, पण मधून निघणारे प्रत्येक नवे पान पिवळट, जवळजवळ पांढुरके आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्या, असे येऊ लागले. नायट्रोजन कमी पडला तर जुनी पाने आधी पिवळी पडतात, कारण झाड तो जुन्या पानांतून काढून नव्याला देते. लोह मात्र झाडाला एका पानातून दुसऱ्यात नेता येत नाही, म्हणून त्याची उणीव नेहमी नव्या पानावर दिसते. म्हणजे आक्षेपांतला पहिला मुद्दा माझ्या टाकीत डोळ्यांसमोर घडत होता.

यावर मी दोन उपाय एकदम केले आणि प्रवाहही कमी केला, त्यामुळे कोणत्या उपायाचा गुण किती हे वेगळे काढता येत नाही. पहिला म्हणजे पाण्यात चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले लोह, घालायला लागले. चिलेट केलेले लोह ऑक्सिजनमुळे लगेच निकामी होत नाही आणि इथे या फिल्टरची एक बाजू कामी येते: साध्या टाकीत पाण्यात घातलेले खत मुळांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, या टाकीत ते नऊ मिनिटांत प्रत्येक मुळाला चाटून जाते. दुसरा उपाय कोकणी होता. राजापूरकडच्या नातेवाइकांनी जांभ्याच्या चिऱ्याचा चुरा पाठवला होता. तो वस्त्रगाळ करून गणपतीच्या दिवसांतल्या उरलेल्या, रंग न लागलेल्या शाडूत मळला, हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळल्या आणि कडक वाळवल्या. जांभ्यातले लोह मुळातच ऑक्सिडीकृत असते, म्हणून त्याचा चुरा नुसता पसरून उपयोग नाही. पण घट्ट मातीच्या गोळीच्या पोटात ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे ते थोडेथोडे विद्राव्य होते आणि मूळ गोळीला वेढा घालून ते घेते. चिमट्याने या गोळ्या स्वोर्डच्या बुंध्याखाली, नळीपासून दूर, प्लेटला टेकणार नाहीत अशा बेताने दाबल्या आणि त्याच वेळी हवेची कळ आवळून प्रवाह अर्ध्या लिटरवर आणला. त्यानंतरचे तिसरे पान हिरवे आले. आधीची पांढुरकी पाने मात्र तशीच राहिली, ती कापून टाकली.

प्रवाह कमी केल्याची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी ३० अंशांवर जाते आणि त्या तापमानाला पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. २५ अंशांना तो सव्वाआठ मावतो. त्यातून खडीतले जिवाणू, मासे आणि रात्री झाडे असे सगळेच वाटेकरी. म्हणून उन्हाळ्यात रात्रीपुरता पृष्ठभागाजवळ वेगळा एअर स्टोन, म्हणजे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, चालवते आणि नळ्यांचा वेग आहे तसाच ठेवते. हवेच्या बुडबुड्यांमुळे कार्बन डायऑक्साइड उडून जातो हेही खरे आहे, त्यामुळे ज्यांना सिलिंडर लावून तो वायू पाण्यात सोडायचा आहे त्यांनी या फिल्टरच्या वाटेला जाऊ नये. समोर गालिच्यासारखी पसरणारी बारीक झाडेही इथे होणार नाहीत. त्यांना बारीक, पोषक माती लागते.

वीज हा या फिल्टरचा खरा शत्रू आहे. मुंबईत वीज सहसा जात नाही आणि त्यामुळेच आपण बेसावध असतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिडमध्ये बिघाड होऊन सगळी मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि आमच्याकडे नळ्यांतले बुडबुडे थांबले. पाणी वाहायचे थांबले की खडीतले जिवाणू आतला उरलासुरला ऑक्सिजन संपवतात आणि मग तिथे कुजण्याची क्रिया सुरू होते. दिवसाउजेडी झाडे थोडा ऑक्सिजन देतात, पण तो खडीच्या पोटात पोहोचत नाही. मी दर काही वेळाने तांब्याने पाणी वर उचलून ओतत राहिले. मासे कमी असल्यामुळे वरच्या पाण्याची काळजी नव्हती. वीज आल्यावर मात्र पंप लगेच सुरू केला नाही. आधी बारीक सायफनची नळी उभ्या नळीतून प्लेटखाली उतरवून तिथले साचलेले पाणी बादलीत काढून टाकले आणि मगच हवा सोडली, म्हणजे ते शिळे पाणी माशांच्या तोंडावर आले नाही. हवेच्या नळीत उलट पाणी येऊ न देणारा वॉल्व्ह आधीपासून होता. तो नसेल तर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा, नाहीतर बंद पंपात टाकीचे पाणी उतरते.

हीच सायफनची युक्ती एरवी साफसफाईलाही वापरते. झाडांच्या टाकीत खडी ढवळता येत नाही, मुळे तुटतात. पण प्लेटखाली साचलेला गाळ वरून खडीला हात न लावता नळीतून ओढून घेता येतो. पहिल्यांदा नळी आत सरकवली तेव्हा कोऱ्या चहासारखे पाणी आले, त्यात सुट्या मुळांचे तुकडे आणि गोगलगायींची शंक्वाकार कवचे होती, आणि शेवटी एक जिवंत कुहली लोच बादलीत येऊन पडला. हे मासे सापासारखे बारीक असतात आणि नळीच्या वरच्या तोंडातून उतरून प्लेटखाली सुखाने राहतात. माझ्याकडे एक मासा कमी मोजला जात होता त्याचा उलगडा झाला. तेव्हापासून नळ्यांच्या तोंडाला जाळीचा तुकडा बांधलेला आहे. गाळ मी सगळा काढत नाही. खडीच्या वरच्या थरात मुरलेला गाळ हेच इथले खत आहे, आणि प्रवाह तो आपणहून मुळांशी आणून देतो. दिशा उलटी करून खडीतून पाणी वर ढकलणाऱ्या पद्धतीत टाकी स्वच्छ दिसते, पण झाडांचे हे जेवण तुटते, म्हणून मी त्या पद्धतीकडे वळले नाही.

प्लेट शेवटी उचलावी लागली ती व्हॅलिस्नेरियामुळे. डाव्या नळीतून येणारे पाणी हळूहळू कमी होत गेले, हवा वाढवूनही वाढेना आणि त्या बाजूची खडी काचेतून पाहिली तर काळपट पट्टे दिसू लागले. मासे आणि निम्मे पाणी बादल्यांत काढले, डावीकडची झाडे उपटली, खडी घमेल्यात घेतली आणि प्लेट उचलायला गेले तर ती उचलेचना. कडेने चाकू फिरवून सोडवल्यावर दिसले की पांढरी मुळे प्रत्येक खाचेतून खाली उतरली होती आणि प्लेटच्या खालच्या बाजूला त्यांची एकसंध गादी तयार झाली होती, बोटभर जाड. गादी हाताने सोलून निघाली. खाचांत अडकलेले धागे काढायला मात्र जुना दात घासायचा ब्रश आणि बरीच चिकाटी लागली. उजवी प्लेट, जिच्यावर क्रिप्टोकोरिन आणि स्वोर्ड होते, ती उचलली नाही, कारण तिथला प्रवाह मोजल्यावर पूर्वीइतकाच भरला. क्रिप्टोकोरिनची मुळे बारीक आणि आखूड असतात. स्वोर्डची लांब असली तरी मातीच्या गोळ्यांभोवतीच जास्त गुंतलेली असावीत.

डावीकडे प्लेट परत बसवली नाही. तिथे मधोमध काचेची एक पट्टी खडीच्या उंचीएवढी उभी करून तळ दोन भागांत वाटला आणि डाव्या भागात व्हॅलिस्नेरिया नुसत्या खडीत पुन्हा लावली. तिला प्लेटची गरज नाही आणि प्लेटला तिची नाही. आता पाणी झिरपण्याचे क्षेत्र निम्मे झाल्यामुळे पूर्वीच्याच अर्ध्या लिटरवर खडीतला वेग दुप्पट झाला असता, म्हणून उरलेल्या एका नळीची कळ मिनिटाला पाव लिटरवर आणली, म्हणजे पाण्याचा खडीतला मुक्काम पुन्हा नऊ मिनिटांचा झाला. निम्मे जिवाणू गेल्यामुळे मासे लगेच टाकीत सोडले नाहीत. रोज चिमूटभर खाद्य टाकून चाचणी करत राहिले, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येत राहतात याची खात्री झाल्यावर आधी डॅनियो सोडले आणि मग लोच.